सिमुंजोनची आडवी खोडं

आधी पायातले बूट काढा. पुढची वाट बुटांची नाही.

होडीतून उतरलात की समोर नुसती दलदल आहे, आणि तिच्यावर टोकाला टोक लावून टाकलेली झाडांची खोडं. टेकडीपर्यंतचा रस्ता म्हणतात तो हाच. खोडांच्या साली निघून गेल्यात, वर शेवाळ धरलंय, सकाळच्या पावसाने ती अजून ओली आहेत. ठिकाण बोर्निओ बेट, सारावाकमधल्या सादोंग नदीला मिळणाऱ्या सिमुंजोन या लहानशा नदीचा काठ. साल १८५५, मे महिना सरत आलेला. राजे-रजवाड्यांचं काय चाललंय ते इतिहासाच्या पुस्तकात मिळेल. आत्ता सगळा जीव तळपायात आणा.

तुमच्या पुढे इथल्या डायाक जमातीतला एक माणूस चाललाय. पाठीवर तांदळाची वेताची टोपली, तिचा पट्टा कपाळावर, कमरेला कोयता. तो खाली बघतसुद्धा नाही. त्याच्या पायाची बोटं खोडाला धरून-सोडून पुढे जातात आणि टोपलीतला एक दाणा हलत नाही. तुम्ही मात्र दोन्ही हात पसरून, श्वास रोखून. उकाडा असा की घाम येतो पण वाळत नाही. सदरा पाठीला चिकटला तो आता रात्रीपर्यंत सुटायचा नाही. वर झाडांनी आभाळ मिटवून टाकलंय. खाली काळं पाणी, कुजलेल्या पानांचा आंबूस वास, आणि कानाशी डासांची अखंड कुणकुण. बाजूच्या एका खोडावर ऑर्किडचा घोस फुललाय. तिकडे बघता आणि पाय सटकतो.

गुडघ्यापर्यंत आत. वरचा चिखल कोमट, खालचा गार. पुढचा माणूस वळतो, खळखळून हसतो, त्याचे दात लालभडक दिसतात आणि मनगटाला धरून तो तुम्हाला वर ओढतो तेव्हा एक ओळखीचा वास येतो. विड्याचं पान, सुपारी, चुना. इतक्या लांब येऊन पहिली ओळख निघाली ती पानाची.

पडल्याची लाज वाटून घेऊ नका. निसर्गअभ्यासक आल्फ्रेड रसेल वॉलेस मार्चच्या १४ तारखेला पुढच्या टेकडीपाशी असलेल्या कोळशाच्या खाणीवर आला तो याच वाटेने, तोही बूट घालून. आणि इकडे-तिकडे बघत चालणाऱ्या माणसाला या चिखलात दोन-चार लोटांगणं चुकत नाहीत, असं त्यानेच नंतर लिहून ठेवलंय. बघण्यासारखं इतकं असताना खाली मान घालून चालेल तो वॉलेस कसला.

तुम्ही आलात ते एका किड्यासाठी. आपल्याकडे पावसाळा संपता संपता कुंपणावर दिसतो तो हिरवा खंडोबाचा किडा, म्हणजेच प्रार्थनाकीटक, तुम्ही पाहिलेला आहे: पुढचे दोन पाय जोडून, मान तेवढी वळवत, तासन् तास एका जागी. इथे बघायचाय तो त्याच्याच गोतातला, पण स्वभावाने पार उलटा. मेटॅलिटिकस हे त्याच्या प्रजातीचं नाव. तीत जेमतेम पाच जाती, आणि त्यांचं घर म्हणजे बोर्निओ, सुमात्रा असल्या बेटांवरची आणि लगतच्या मलाया द्वीपकल्पावरची जंगलं. वेस्टवुड या इंग्रज कीटकतज्ज्ञाने हे नाव १८३५ साली दिलं. त्याच्यापुढे होता तो टाचणीला लावलेला, मेलेला किडा. तुम्हाला तो जिवंत बघायचाय, पळताना बघायचाय. त्यासाठी उद्या दुपारचं रणरणतं ऊन हवं. आज संध्याकाळ झाली. खाणीवर मुक्काम करा.

दलदल संपते तसं झाडांचं छप्पर एकदम फाटतं आणि डोळे दिपतात. टेकडीच्या पायथ्याला जंगलाचा एक मोठा तुकडा तोडून मोकळा केलाय. झावळ्यांनी शाकारलेली पाच-सात ओबडधोबड घरं, त्यांत खाणीचा इंजिनिअर कूल्सन आणि चिनी कामगार. ताज्या लाकडाचा वास नाकात इतका भरतो की जिभेवर चव येते. बाजूला दोन खोल्या आणि पडवी असलेलं लहानसं घर आहे, ते वॉलेसने स्वतःसाठी बांधून घेतलेलं. पडवीपुढे गर्दी दिसतेय ना? तिकडे चला.

दिवसभराचं काम आटोपून माणसं थेट इथे आली आहेत. कुणी चिनी, कुणी डायाक. अंगाला लाकडाचा भुसा घामाने चिकटलेला, हातात काहीतरी धरून ठेवलेलं. पानाची पुरचुंडी, बांबूचं नळकांडं, नुसतीच मिटलेली मूठ. एकाच्या मुठीतून काहीतरी जोरात खरवडतंय आणि तो तोंड वाकडं करून हसतोय, पण मूठ सोडत नाही. आत बसलेला उंच, दाढीवाला, चष्म्याचा माणूस एकेक पुरचुंडी उघडतो, चष्म्यापाशी नेतो. वय बत्तीस. कोणताही किडा आणा, एक सेंट मिळेल, हा त्याचा भाव सगळ्यांना पाठ आहे. लांबलचक काडीकिडे, जाडजूड टोळ, चमकणारे भुंगे, सगळ्यांना तोच दर. मागून लोक रेटतात, पुढचे ओरडतात, मलय बोलीत घासाघीस चालते, कुणाचा तरी भुंगा निसटून छपराकडे उडतो आणि सगळी रांग माना वर करते. अशाच एका कामगाराने वॉलेसला एक मोठा झाडबेडूक आणून दिला आणि सांगितलं की हा उंच झाडावरून तिरका तरंगत खाली आला. त्या बेडकाच्या बोटांमधले पडदे वॉलेसने ताणून, मोजून पाहिले, चित्र काढून ठेवलं. करवत ओढणाऱ्या माणसाची नजर किती तयार असते, हे मला तरी या बेडकावरून कळतं. जंगलात दिवसभर वर बघत राहायला वॉलेसला सवड काढावी लागायची. त्या माणसाचं कामच झाडाखाली होतं.

पडवीच्या कोपऱ्यात एक खोकं आहे. तिथून कुणीतरी रडतंय. आवाज माणसाच्या तान्ह्या बाळाचा वाटेल, पण खोक्यात आहे ते ओरांगउटानचं पिल्लू. इथले लोक या प्राण्याला मायास म्हणतात. त्याच्या आईला वॉलेसनेच गोळी घातली. संग्रहालयांसाठी असे कित्येक मायास त्याने इथे मारले, आणि ते वाचताना आजही माझ्या पोटात तुटतं. पिल्लू चिखलात तोंड खुपसून पडलेलं सापडलं. उचलून आणताना त्याने वॉलेसची दाढी घट्ट धरली ती सोडवताना त्याच्या नाकी नऊ आले. आता बघा: वॉलेस कामावरून उठतो आणि बाटली आणतो. आसपास कुणी दूध वापरत नाही, म्हणून बाटलीत तांदळाची पातळ पेज. बुचात पिसाची पोकळ दांडी खोचलेली. पिल्लू गाल आत ओढून चोखतं, थांबतं, पुन्हा चोखतं. तुमचं बोट जवळ नेलंत तर ते चार हातांपैकी एकाने पकडेल. पकड विलक्षण आहे, घाबरू नका. तळव्याची कातडी कोरडी आणि ऊबदार. तीन महिनेसुद्धा ते जगलं नाही. पण आज संध्याकाळी ते पोटभर पेज पिऊन ढेकर देतंय.

सूर्य मावळताना रानात एक प्रचंड कर्कश आवाज सुरू होतो. रातकिड्यांपेक्षा कितीतरी मोठा, कुणी पत्र्यावर करवत चालवावी असा. रोज संध्याकाळी ठरल्या वेळी ओरडणारा हा मोठा सिकाडा. तो थांबतो तोवर काळोख पडलेला असतो आणि मग बेडूक सुरू होतात. चिनी कामगारांच्या चुलीवर भात रटरटतोय, खारवलेले मासे भाजताहेत. धूर खाली उतरून सगळ्यांच्या डोळ्यांत जातो आणि डास जरा मागे हटतात. जेवा आणि आडवे व्हा. काठ्यांच्या जमिनीच्या फटींतून गार हवा लागते, दमट चटईला बुरशीचा वास येतो, शेजारच्या घरातली हुज्जत फार वेळ चालते. अंगाला जळवा लागल्यात का ते रात्रीच बघून घ्या. एकेक उपटू नका, मीठ लावा.

पहाटे गिबनांची हाक येते. खालून वर चढत जाणारी, लांबवर झाडांच्या शेंड्यांतून फिरणारी. एक कुटुंब गप्प झालं की दुसरं उचलतं. धनेशांची जोडी डोक्यावरून जाते आणि पंखांची घरघर ती दिसेनाशी झाल्यावरही ऐकू येते. सह्याद्रीत ज्याने हा आवाज ऐकलाय त्याला मान वर करून बघायची गरज नाही. वॉलेस तर केव्हाचा मेजाशी बसलाय. कालचे किडे टाचून वाळत घालायचे आहेत आणि मुंग्यांच्या आधी ते संपवायचं आहे. एकदा मुंग्यांना सुगावा लागला की महिन्याची मेहनत रात्रीत कुरतडून नेतात. त्याचा मदतनीस चार्ल्स ॲलन जाळ्या सांधतोय.

वॉलेसच्या वहीत डोकावलात तर चक्रावून जाल. इथे येण्याआधीच्या चार महिन्यांत त्याला भुंगेऱ्यांच्या ३२० जाती मिळाल्या होत्या. इथे दोन आठवड्यांच्या आत तेवढ्याच आणखी मिळाल्या. एका दिवशी ७६ जाती हाती लागल्या, त्यांतल्या ३४ त्याने पूर्वी कधी पाहिलेल्या नव्हत्या. एप्रिल संपेतो हजारावर. बोर्निओत त्याने गोळा केलेल्या सुमारे २,००० जातींपैकी शंभरेक सोडल्या तर बाकी सगळ्या इथल्या, जेमतेम एका चौरस मैलातल्या.

हे कशाने झालं, ते बघायला तोडीवर चला. दहा वाजून गेलेत, ऊन चढलंय.

आधी कानांनी वाट शोधा. कुऱ्हाडींचा ठोका, दोन-तीन ठिकाणांहून, एकमेकांत न बसणारा. मग कुणीतरी लांबवर हाळी देतं, कुऱ्हाडी थांबतात, आणि एक मोठा कडाका. झाड लगेच पडत नाही. आधी वेली ताणून तुटतात, त्या तुटताना शेजारच्या झाडांची डोकी ओढतात, मग सगळंच एकदम खाली येतं आणि पायाखालची ओली जमीन हलते. पानं, मुंग्या, धूळ, कुणाचं तरी घरटं, सगळं अंगावर. पडलेल्या शेंड्याजवळ गेलात तर तिथे वेगळाच, हिरवा, थंड वास असतो. पन्नास-साठ हात उंचीवरची हवा खाली आलेली असते.

थोडं पुढे करवतीचा खड्डा आहे. खड्ड्यावर आडवा ओंडका, एक माणूस वर उभा, एक खाली. लांब करवत दोघं मिळून वर-खाली ओढतात. वरच्याच्या पाठीवर ऊन, खालच्याच्या डोळ्यांत भुसा. खालच्याने तोंडाला फडकं बांधलंय आणि भुवयांवर तांबूस पुटं चढली आहेत. कापाच्या रेषेतून राळ पाझरते, ती करवतीला धरते, मग दोघं थांबतात, पातं पुसतात, पाणी पितात, पुन्हा धरतात. वीस ते पन्नास माणसं इथे हेच करताहेत: झाडं पाडायची, फळ्या-तुळया काढायच्या, आणि सादोंग नदीपर्यंत दोन मैल लाकडाचा रूळमार्ग न्यायचा.

आणि या सगळ्या भानगडीत, उन्हात, जिकडे बघाल तिकडे खोडं आडवी पडलेली. ताजी, महिन्याची, दोन महिन्यांची. बोर्निओच्या अभंग जंगलात लाकडावर, सालीवर, कुजणाऱ्या पानांवर जगणारे किडे मैलोन् मैल विखुरलेले असतात. एखादं म्हातारं झाड वादळात पडलं की त्याच्याभोवती जमतात. इथे माणसांनी दोन-चार महिन्यांत इतकी झाडं पाडली की एरवी कितीतरी मोठ्या रानातही तितकी सापडायची नाहीत. त्या वासावर सगळं रान इथे लोटलं. वॉलेसच्या पेट्या भरल्या त्या कुऱ्हाडीने भरल्या. हे त्याला पक्कं ठाऊक होतं आणि त्याने ते आडपडदा न ठेवता लिहिलं, याबद्दल मला त्याच्याविषयी आदर वाटतो.

आता ते जाड खोड बघा, खुंटांच्या पलीकडचं. बरेच दिवस पडून आहे. साल सुकून जागोजागी उचललीय, पण अजून गळून पडलेली नाही. नेमकं असंच हवं. जवळ जा, पण सावली खोडावर पाडू नका. हात ठेवून बघा: चटका बसतो. डंख नसलेल्या बारीक मधमाश्या घामासाठी तुमच्या पापण्यांवर बसतील, बसू द्या. हाकलायला हात हलवलात की खेळ संपला.

पहिल्यांदा दिसेल ती नुसती एक लकाकी. सालीच्या कडेला काहीतरी हिरवं चमकलं आणि विझलं. तुम्हाला वाटेल भुंगेरा असावा. मग ते पुन्हा निघतं, हातभर धावतं, थांबतं. तोच तो. लांबीला इंच-दीड इंच, चपटा, सालीला पोट लावून. तांब्याचं भांडं चुलीवर तापलं की त्यावर जे रंग फिरतात, ते सगळे याच्या पाठीवर आहेत. हिरवा पुढच्या पावलाला निळा होतो, कडेला जांभळा, मध्येच तांबूस. आणि मान? इतर प्रार्थनाकीटकांची असते तशी लांब मान इथे नाही. छाती आखूड, रुंद. पुढचे पाय जोडून उभं राहणं नाही, वाट बघणं नाही. याच बेटावर स्वतःच फूल होऊन बसणारा एक गुलाबी भाऊबंद त्याला आहे; तो भक्ष्य येईपर्यंत पाकळी हलवत नाही. हा मात्र भक्ष्याच्या घरात घुसतो.

पाहा, आता सालीच्या फटीपाशी थांबलाय. मिशा आत गेल्या, डोकं आत गेलं, चपटं अंग सपकन आत सरकलं. सालीखाली रानझुरळं राहतात, आणि हा त्यांचा शिकारी आहे. नात्याने म्हणाल तर झुरळं आणि प्रार्थनाकीटक हे जवळचे सोयरे, आणि मेटॅलिटिकस हा प्रार्थनाकीटकांच्या फार जुन्या शाखांपैकी एक. बाकीच्या भावकीने फुलं, पानं, काटक्या यांची सोंगं घेतली. हा सालीवरच राहिला. खूप जुनी अशी एक राहणी तुम्ही भर दुपारी, हातभर अंतरावरून बघताय. मला विचाराल तर आख्ख्या प्रवासाचे कष्ट या एका फटीपाशी फिटतात.

उभ्या झाडांवरही तो असतो. पण तिथे तो कुठे वर धावतोय ते खालून कुणाला दिसणार? आडवं पडलेलं झाड म्हणून तो तुमच्या छातीच्या उंचीवर आलाय.

पकडायचा मोह होतोय ना? करा प्रयत्न. तो फटीतून बाहेर येतो, तुम्ही झडप घालता, तुमच्या हातात येतो सालीचा तुकडा आणि तो खोडाच्या पलीकडच्या अंगाला. तुम्ही वळसा घालून पलीकडे जाता तोवर तो अलीकडे. तिसऱ्यांदा हेच होतं तेव्हा मागून खिदळणं ऐकू येतं. एक डायाक पोरगा, दहा-बारा वर्षांचा, खुंटावर बसून बराच वेळ तुमचा तमाशा बघतोय. तो उडी मारतो, तुम्हाला हाताने खूण करतो, की तुम्ही इथेच राहा, आणि स्वतः पलीकडे जाऊन उकिडवा बसतो. दोन बाजूंनी दोघं. खोड मध्ये. किडा वरच्या कण्यावर थबकतो, एकदा तुमच्याकडे, एकदा त्याच्याकडे डोकं वळवतो, मग तुमच्याच अंगाला उतरतो. म्हणजे तुमची चाल कच्ची हे त्यालाही कळलं. या वेळी मात्र ओंजळ नीट पडते. बोटांत काहीतरी धडपडतं, आणि लगेच अंगठ्याच्या मुळाशी सणसणीत टोचतं. त्याच्या पुढच्या पायाच्या मांडीवरचा पहिला काटा बाकीच्यांपेक्षा बराच मोठा आहे. झुरळ निसटू नये म्हणून. तुम्ही "आई गं" म्हणून हात उघडता.

पोरगा पोट धरून हसतो. तोवर किडा सालीखाली गेलाय, पण पोराने नेमकी जागा हेरून ठेवली आहे. तो कमरेचा छोटा कोयता काढतो, पातं सालीखाली घालतो आणि सगळा भार टाकून वर उचलतो. कडकड करत हातभर साल सुटते. आतून ओला, बुरशीचा वास येतो, आणि झुरळंच झुरळं, भुरी, तांबडी, तुमच्या हातांवरून, पोराच्या पोटावरून, चारी दिशांना. त्या पळापळीत एकच जण पळत नाही. तो मध्यभागी, भर उन्हात, हिरवा-निळा, आणि पुढच्या पायांत एक झुरळ घट्ट धरलेलं. घर उघडं पडलं तरी घास सोडलेला नाही. करकर आवाज येतोय तो त्याच्या जबड्यांचा, वाकून ऐका.

पोरगा सावकाश बांबूचं नळकांडं पुढे सरकवतो. एक सेंट जवळ आलाय हे त्याला माहीत आहे. नळकांड्याच्या तोंडाने किड्याला मागून हलकेच ढोसतो, किडा झुरळासकट दोन पावलं आत जातो, आणि पोरगा चुरगाळलेलं पान वर कोंबून तोंड बंद करतो. मग अचानक तुमचा दंड धरतो आणि हनुवटीने खोडाच्या दुसऱ्या टोकाकडे दाखवतो.

तिथे आणखी एक आहे, याच्याहून जरा मोठा, जांभळ्या अंगाचा. पोरगा या वेळी तुम्हालाच पलीकडे पाठवतोय. जा, उकिडवे बसा, आणि टोचलं तरी हात उघडू नका.